मरीन फिटर कोल्हापुरात का नको? उद्योजक मंडळींना खुले पत्र

प्रति,
उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फाउंड्री व इंजिनिअरिंग उद्योजक मंडळी,

स.न.वि.वि.

मुद्दा आधीच सांगतो, म्हणजे कामाच्या गडबडीत पत्र अर्धवट राहिलं तरी निदान मागणी तरी कानावर पडेल. आयटीआयच्या ट्रेडच्या केंद्रीय यादीत ‘मरीन फिटर’, म्हणजे नौकेच्या इंजिनाचा फिटर, नावाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावी झालेल्या पोराला तो घेता येतो. तो कोल्हापुरात सुरू व्हावा आणि त्यासाठी तुम्ही पुढाकार घ्यावा, एवढंच मागणं आहे. सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण सरकारी कागद मागणीशिवाय हलत नाही. आणि नवा ट्रेड मंजूर होऊन आला तरी तो टिकतो कुठे, तर जिथे स्थानिक कारखानदार ‘ही पोरं आम्ही घेतो’ म्हणून पाठीशी उभे राहतात तिथेच. आयटीआयच्या व्यवस्थापन समित्यांवर तुमच्यातलेच लोक बसतात. मी नोकरीभर फिटर ट्रेड शिकवला आहे, त्यामुळे कोणता ट्रेड कसा सुरू होतो आणि कसा बंद पडतो, हे दोन्ही पाहिलेलं आहे.

‘आपल्याला समुद्र कुठं आहे ओ?’ हा पहिला प्रश्न मला पाठ आहे. टपरीवर विषय काढला की तोच येतो आणि मागोमाग रंकाळ्यात जहाज सोडायचा विनोद होतो. समुद्र होता की. अठराव्या शतकात मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे होते. मालवणातून निघणाऱ्या कोल्हापूरच्या गलबतांनी इंग्रजांच्या व्यापाराला एवढा ताप दिला की १७६५ मध्ये त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव देऊन टाकलं. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरला परत दिला. १८१२ च्या तहात मात्र मालवण बंदर गेलं ते गेलंच, वर सशस्त्र जहाजं बाळगणार नाही असंही आपल्याकडून लिहून घेतलं. इंग्रज त्या लोकांना चाचे म्हणायचे. आपण काय म्हणायचं ते आपण ठरवावं, तो वाद इथे काढत नाही.

पण दोनशे वर्षांपूर्वीच्या आरमारावर आजचा ट्रेड मंजूर होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून नौदलाचं उदाहरण घ्या. युद्धनौकांची इंजिनं शिकवणारी आयएनएस शिवाजी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ ला सुरू झाली. कुठे? मुंबईच्या गोदीत नाही, विशाखापट्टणमला नाही, तर लोणावळ्यात. सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, म्हणजे आपल्या कोल्हापूरपेक्षाही उंच. तिथून पावसाळ्यात धुकं आणि चिक्कीची दुकानं दिसतात, समुद्र दिसत नाही. तरी तिथून शिकून गेलेली माणसं आज देशभरच्या नौकांची इंजिनं सांभाळतात. इंजिन शिकायला पाणी लागत नाही. पंप लागतात, लेथ लागतात, उघडून ठेवलेली इंजिनं लागतात आणि शिकवणारा लागतो. समुद्र नंतर भेटतो.

आता डफरिनची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या मागणीचं मूळ तिच्यात आहे.

वाफेच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश कंपन्यांच्या इंजिनरूममध्ये राबणारे हात मोठ्या प्रमाणावर आपलेच होते. रत्नागिरीकडच्या गावागावांतून माणसं मुंबईला जायची आणि तिथून बोटीवर चढायची. भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, बेअरिंगला तेल देणारा तेलवाला, त्यांच्यावर टिंडल आणि सगळ्यांवर सारंग. भर मे महिन्यात कपोल्यासमोर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीसमोर, उभं राहिलेल्या माणसाला ते काम कसलं होतं हे सांगायला नको. फरक इतकाच की कपोला हलत नाही. पण इंजिनिअरचं सर्टिफिकेट ज्याच्या खिशात तो माणूस बहुतेक गोराच. इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा सारंग म्हातारा होईपर्यंत सारंगच राहायचा, कारण त्याला परीक्षेपर्यंत नेणारी शाळाच देशात नव्हती.

५ एप्रिल १९१९ ला सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय नौवहन दिन पाळतात तो त्यावरूनच. त्या कंपनीमागचे वालचंद हिराचंद म्हणजे ज्यांचं नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे तेच. तर जहाज भारतीय मालकीचं झालं, पण त्यावर भारतीय अधिकारी आणायचे कुठून? सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय लावून धरला, समिती बसली आणि अखेर १९२७ मध्ये ‘डफरिन’ नावाचं सैन्य वाहून नेणारं जुनं जहाज मुंबईत माझगावपाशी नांगरून त्यावर शाळा भरली. पोरं जहाजावरच राहायची, जहाजावरच शिकायची.

पण त्या शाळेत सुरुवातीला फक्त डेकचं शिक्षण होतं. म्हणजे नकाशे, तारे, सुकाणू, पुढे जाऊन कॅप्टन होणारी पोरं. इंजिनिअर कॅडेट घ्यायला लागले ते १९३५ पासून. जहाज हाकणारा आधी सुचला, आणि जहाज ज्याच्या जिवावर हलतं त्याचा नंबर आठ वर्षांनी लागला. कारखान्यातही हेच चालतं, सेल्सवाल्याच्या केबिनला एसी आधी बसतो. असो. १९३५ नंतर इंजिनची पोरं डफरिनवर शिकून पुढे मोठ्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जायला लागली. जहाजावरची शिस्त आणि कारखान्यातला हात, दोन्हींची सांगड तिथे पडली. १९४९ मध्ये मरीन इंजिनिअरिंग वेगळं काढून त्याचं शिक्षण कलकत्ता आणि मुंबईला स्वतंत्रपणे सुरू झालं आणि डफरिनवर पुन्हा डेकचीच पोरं उरली. १९७२ मध्ये डफरिनच्या जागी ‘राजेंद्र’ आलं. १९९३ मध्ये तर शाळा जहाजावरून उतरून नवी मुंबईत जमिनीवरच आली, ‘चाणक्य’ नावाने. नावापुढे ट्रेनिंग शिप अजून आहे, भिंती मात्र काँक्रीटच्या. २००८ पासून हे सगळं इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या छत्राखाली आहे.

हा इतिहास अभिमानाचा आहेच, पण तो अधिकाऱ्यांच्या शाळांचा आहे. करवीर, पन्हाळा, राधानगरीतून दहावीला पंचावन्न टक्के घेऊन फिटरला येणाऱ्या पोराच्या तो कामाचा नाही. त्याच्या कामाची शाळा निघाली कोचीला.

१९५२ पासून इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पामुळे केरळच्या किनाऱ्यावर इंजिनच्या मासेमारी नौका आल्या. शिडाच्या होडीचं ज्ञान बापाकडून पोराकडे येत होतं. डिझेल इंजिनचं कोण देणार? इंजिन बंद पडलं की नौका वाळूवर पडून. तेव्हा १९६३ मध्ये केंद्र सरकारने कोचीला खास ह्या लोकांसाठी संस्था काढली. ती आज सिफनेट म्हणून ओळखली जाते आणि तिच्या शाखा चेन्नईला व विशाखापट्टणमला आहेत. ह्या संस्थेत दोन ट्रेड एकाच छपराखाली आहेत: एक व्हेसल नॅव्हिगेटर, दुसरा मरीन फिटर. दोन्ही दोन वर्षांचे, दोन्ही दहावीनंतरचे, दोन्ही आयटीआयच्याच चौकटीतले. डफरिनवर सुकाणूवाल्याला आणि इंजिनवाल्याला एकत्र आणायला आठ वर्षं लागली आणि पुढे ते वेगळेही झाले. कोचीत त्यांना शेजारी-शेजारी बसवलं. मला विचाराल तर समुद्री शिक्षणात आपल्या देशाने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. त्याचा गवगवा झाला नाही, कारण त्यात पांढरा युनिफॉर्म नाही, तेलकट डांगरी आहे.

आपल्या राज्यातही मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रं आहेत, रत्नागिरीला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. पण खात्याचे वर्ग थोड्या महिन्यांचे आणि मच्छीमारांच्या मुलांपुरते, आणि महाविद्यालय पदवीचं. फिटर घडवणं हे दोघांचंही काम नाही. ते काम आपलं आहे.

आपलं कसं, ते सांगतो. फिटरच्या पोराच्या हातात सुरुवातीला आपण काय देतो? माइल्ड स्टीलचा तुकडा, बास्टर्ड फाईल म्हणजे जाड दातांची कानस, आणि काटकोन तपासायचा ट्रायस्क्वेअर. आठवडेच्या आठवडे घासणं. तळहाताला फोड येतात, निम्मी पोरं पळून जायच्या बेतात असतात. मग एक दिवस चौकोनात चौकोन बसवायचा जॉब येतो. पोरगं तुकडा खिडकीकडे धरतं, फटीतून उजेडाची रेघ दिसते का बघतं, पुन्हा दोन हात मारतं, पुन्हा धरतं. ज्या दिवशी रेघ दिसत नाही त्या दिवशी तो फिटर झाला. कोल्हापुरात हा हात घडतो, त्यात कोणी आपल्याला काही शिकवायला नको. ऑइल इंजिनच्या जमान्यापासून हे गाव त्यावरच जगलं आहे.

हाच हात नौकेवर न्यायचा तर त्याला काही नव्या खोड्या शिकाव्या लागतात. एकच सांगतो. नौकेच्या इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट बुडातून बाहेर पडतो, तिथे स्टर्न ग्लँड असतो, त्यात दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. शाफ्ट फिरत असताना त्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी यावं लागतं. त्या पाण्यानेच पॅकिंग आणि शाफ्ट थंड राहतो. एकही थेंब नाही म्हणजे ग्लँड जास्त आवळला, शाफ्टवर चर पडणार. धार लागली म्हणजे पॅकिंग गेलं. आपल्या फिटरचं कसं आहे, गळती दिसली की हात आधी पान्याकडे जातो. तिथे तो पाना आवरायला शिकावं लागतं. दुसरं, शाफ्टचं अलाइनमेंट. नौका किनाऱ्यावर ओढलेली असताना फिलर गेज घालून कपलिंग अगदी बरोबर जुळवलं, तरी पाण्यात उतरल्यावर बुडाचा आकार किंचित बदलतो आणि माप सरकतं. म्हणून शेवटचं माप नौका तरंगत असताना घ्यायचं. पायाला काँक्रीट असलेल्या मशीनवर जन्म गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. खाऱ्या पाण्याचं तर विचारूच नका. कूलरमध्ये जस्ताचा तुकडा मुद्दाम बसवतात, तो झिजून जावा आणि बाकीचं धातुकाम वाचावं म्हणून. तो वेळेवर बदलला नाही तर खारं पाणी कूलरच खायला लागतं.

ही काही रॉकेटविद्या नव्हे. दोन वर्षांत चांगला फिटर हे सगळं आत्मसात करेल. आणि शिकवणारा कुठून आणणार, ह्याची काळजी तरी कोल्हापूरने करू नये. बाबूराव पेंटरांनी इथेच सिनेमाचा कॅमेरा तयार केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. यंत्रांच्या कामात नावाजलेल्या म्हादबा मेस्त्रींच्या गोष्टी तर उद्यमनगरात अजून सांगतात. शिवाय आपल्याच जिल्ह्यातली माणसं जहाजांवर सेकंड इंजिनिअर, चीफ इंजिनिअर आहेत. काही महिने समुद्रावर, काही महिने घरी. सुट्टीत घर बांधायच्या कॉन्ट्रॅक्टरशी भांडण्यापेक्षा आठवड्याला दोन तास शिकवायला त्यातले बरेच जण तयार होतील. विचारलं पाहिजे.

आता जरा कडू बोलतो. ही वाट आपण पोरांना दाखवली नाही म्हणून ती एजंटांनी दाखवली. माझ्या हाताखालून गेलेल्या एका पोराच्या बापाने उसाच्या बिलाचे पैसे ‘मर्चंट नेव्हीत लावतो’ म्हणणाऱ्या माणसाला दिले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग झाली, पांढरे शर्ट, खांद्यावर पट्ट्या, पडद्यावर जहाजाचे फोटो. पोरगं कुठल्याशा गावी कोर्स करून आलं, सर्टिफिकेट घेऊन मुंबईला गेलं, आणि तिथे कळलं की त्या कागदाला मान्यताच नाही. बापाने पोलिसात जायचं टाळलं, गावात शोभा नको म्हणून. अशी उदाहरणं गावोगाव सापडतील.

ह्यातलं किती ठाऊक असायला हवं होतं बघा. जहाजावर जायचा कोर्स नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेला असावा लागतो आणि मान्य संस्थांची यादी उघड असते. माणसं जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीकडे त्याचा परवाना लागतो, आणि नोकरी लावून देतो म्हणून खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. सागरी कामगारांबाबतचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला आहे, त्यातही हेच आहे. दोन वर्षांचा फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा आयटीआय झालेल्या पोराला सहा महिन्यांच्या जीपी रेटिंग, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या, कोर्सचा दरवाजा उघडा आहे. गुणांची आणि वयाची अट असते ती बघून घ्यावी. मेकॅनिकलचा डिप्लोमावाला दोन वर्षांच्या आणि पदवीवाला साधारण वर्षाच्या प्रशिक्षणाने थेट इंजिनिअरच्या वाटेला लागू शकतो. हे फळ्यावर लिहायला एक तास पुरतो. पण आपल्या इथल्या आयटीआयमध्ये समुद्राचा ट्रेडच नाही, त्यामुळे तो तास कोणाच्या वेळापत्रकात नाही.

आणि उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीच एजंट ठरेन. मरीन फिटरचा कागद म्हणजे जहाजावरची नोकरी नव्हे. व्यापारी जहाजावर जायला वेगळं प्रशिक्षण, आग विझवण्यापासून जीव वाचवण्यापर्यंतचे कोर्स, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, सगळं लागतं. मासेमारी नौकेच्या इंजिन ड्रायव्हरची परीक्षा वेगळी. काही पोरं माझगाव डॉकला, नेव्हीच्या गोदीत शिकाऊ म्हणून लागतील, काही मिरकरवाडा, देवगड, मालवणला स्वतःचं वर्कशॉप टाकतील. काही समुद्र लागतो म्हणून परत येतील आणि तुमच्याकडे मेंटेनन्सला उभी राहतील. त्यात नुकसान कोणाचं आहे? पंप, कूलर, गिअरबॉक्स आणि अलाइनमेंट जाणणारा फिटर तुम्हाला नकोय असं एकाने तरी म्हणावं.

तुमचा स्वतःचा फायदाही आहे, तो लपवून कशाला ठेवू. इथल्या भट्ट्यांतून इंजिनचे भाग ओतून बाहेर जातात. कोकणातल्या बंदरांतला नौकावाला मात्र हाऊसिंग फुटलं की मुंबईकडे नाहीतर केरळकडे बघतो. बंदरात तुमचा शिकवलेला माणूस बसला असेल तर तो पहिला फोन कुणाला करेल?

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीला दोन जुनी मरीन इंजिनं, एक गिअरबॉक्स, शाफ्ट-ग्लँडची एक मांडणी आणि एक शेड. ह्यातलं निम्मं तुमच्या आवारात ताडपत्रीखाली पडून असेल. मागणीचं पत्र मात्र असोसिएशनच्या लेटरहेडवर, सह्यानिशी, व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे जायला हवं, आणि दरवर्षी किती पोरं शिकाऊ म्हणून घेणार तो आकडा त्यात असायला हवा. आकडा नसलेली पत्रं मी कपाटात पिवळी पडलेली पाहिली आहेत.

प्रत्यक्ष कामाची सोय तर निसर्गानेच करून ठेवली आहे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात, मालकाला हात हवे असतात. पोरांना महिनाभर तिथे ठेवता येईल, जेवणाखाण्याचं मालक बघतील असं मला दोघा-तिघांनी बोलून दाखवलं आहे.

तेव्हा येत्या बंदीत, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी मालवणला जाणार आहे. पत्रावर सही करण्याआधी ज्यांना उघडी इंजिनं डोळ्यांनी बघायची आहेत त्यांनी बरोबर यावं. सकाळी लवकर निघू, फोंडा घाटाने जाऊ. गाडी तुमच्यापैकी कोणाची तरी, डबा आमच्या घरचा. दुपारी मासे खायचे की नाहीत हे तिथे गेल्यावर मालकाच्या आग्रहावर सोडू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फिटर ट्रेडचा एक निवृत्त शिल्पनिदेशक, कोल्हापूर